रुग्णालयातील संसर्ग : झाडू कोणाच्या हाती, अधिकार कोणाच्या हाती?

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. या वृत्ताने महाराष्ट्र हादरला. त्यानंतर एक खासदार तेथे पोहोचले, घाण पाहून संतापले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वतःच्या हातांनी शौचालय साफ करावयास लावले. ते दृश्य घरोघरी पाहिले गेले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी निषेध केला. पुढे खासदारांवर गुन्हाही दाखल झाला.

आम्हांला त्या दृश्यातील वेगळीच गोष्ट खटकली. नांदेडचे ते मृत्यू कशामुळे झाले याविषयी मनुष्यबळाची टंचाई, औषधांचा तुटवडा, गंभीर अवस्थेत उशिरा दाखल झालेले रुग्ण अशी अनेक कारणे पुढे आली. ते सर्व संसर्गाचे बळी होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु रुग्णालयाची स्वच्छता ही कोणाला तरी करावयाची शिक्षा आहे, असा अर्थ त्या कृतीतून निघत होता. या रुग्णालयातील शौचालये, नळ, उपकरणे आणि मुख्य म्हणजे माणसांचे हात स्वच्छ आहेत की नाहीत हे रोज पाहणे कोणाचे काम आहे, तो माणूस आपला अहवाल कोणाला देतो आणि त्या अहवालाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न खान्देशाला नवा नाही. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, जळगावच्या जिल्हा रुग्णालयातून ८२ वर्षांची एक कोरोनाबाधित वृद्धा बेपत्ता झाली. आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. त्या माउलीच्या मरणाची जबाबदारी कोणाची, हा चौकशीचा विषय. आमच्या मनात मात्र तेव्हापासून एक साधा हिशेब घर करून आहे. संसर्गजन्य रोगाच्या रुग्णालयातील शौचालयाची सफाई दिवसातून अनेकदा व्हावी लागते आणि प्रत्येक सफाईची नोंद दारावरील तक्त्यावर करावी लागते. आठ दिवसांत किती सह्या झाल्या असत्या? आणि त्या सह्या कोणी तपासल्या असत्या?

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, मुंबईतील भांडुप येथील महापालिकेच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षातील चार बाळे काही दिवसांच्या अंतराने दगावली. रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचे कारण पुढे आले. विधिमंडळात चर्चा झाली, निलंबन झाले. सावित्रीबाई स्वतः १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या, हे वाचकांना ठाऊकच आहे. ज्यांच्या नावाची पाटी त्या इमारतीवर होती, त्यांना संसर्ग म्हणजे काय हे सांगण्याची गरज नव्हती.

या घटनांनंतरचा क्रम पाठ व्हावा इतका ठरलेला आहे : संताप, चौकशी समिती, निलंबन, विस्मरण. निलंबन हे झालेल्या गोष्टीचे उत्तर असते. घडण्यापूर्वी थांबवणारा माणूस कोण, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तसा माणूस असतो, आणि त्या पदाला आता साठ वर्षांहून अधिक इतिहास आहे. १९५९ साली इंग्लंडमधील टॉर्की येथील रुग्णालयाने एका परिचारिकेला इतर सर्व कामांतून मोकळे केले आणि रुग्णालयातील संसर्गावर लक्ष ठेवणे एवढेच काम तिच्याकडे सोपवले. तिचे पदनाम होते ‘इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर’. इंग्लंडमध्ये कक्षाच्या प्रमुख परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात. आपल्याकडे तर नर्स कोणत्याही धर्माची असो, रुग्णाच्या तोंडी ती ‘सिस्टर’च असते, आणि कॅथोलिक घरांत तो शब्द धर्मभगिनींसाठीही असल्याने या पदनामाचा गोंधळ होऊ शकतो. तेव्हा स्पष्ट सांगतो : येथे विषय सेवाभावाचा नाही, एका तांत्रिक व्यवसायाचा आहे. आज जगभर हा व्यवसाय परिचारिका, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि डॉक्टर करतात. मोठ्या रुग्णालयांत त्यांना संसर्ग प्रतिबंध सल्लागार म्हणतात, आपल्याकडील रुग्णालयांत संसर्ग नियंत्रण परिचारिका.

ती करते तरी काय? बाहेरून पाहणाऱ्याला तिचे काम म्हणजे हातात कागद घेऊन कक्षांतून फिरणे एवढेच दिसेल. सकाळी अतिदक्षता कक्षात शिरताच ती मोजणी करते. आज किती रुग्णांना लघवीची नळी आहे, किती जणांना मानेतील मोठ्या शिरेत नळी आहे, किती जण श्वसनयंत्रावर आहेत. प्रत्येक नळीपाशी तिचा एकच प्रश्न असतो : ही आज लागणार आहे का? नळी जितके दिवस अधिक, तितका जंतूंचा मार्ग अधिक काळ मोकळा. पुष्कळदा असे असते की, नळी घालण्याचे कारण दोन दिवसांपूर्वीच संपलेले असते आणि ती काढण्याचे केवळ राहून गेलेले असते. महिन्याअखेरीस एक हजार ‘नळी-दिवसां’मागे किती संसर्ग झाले, हा आकडा ती काढते. मागच्या महिन्याशी ताडून पाहता येईल असे हे एकमेव माप आहे. ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ या वाक्याला माप नसते.

मग हात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरातील स्रावांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून परिचारिकेने परीक्षा घ्यायची नसते. कोपऱ्यात उभे राहून शंभर प्रसंगांपैकी कितीदा हात खरोखर स्वच्छ झाले, हे मोजायचे असते. मोजणारी समोर आहे हे कळताच प्रमाण वाढते, ती गेली की उतरते. हे केवळ डॉक्टरांचे नव्हे, मनुष्यस्वभावाचेच लक्षण आहे.

शस्त्रक्रियेच्या उपकरणांचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमान, १५ पौंड दाब आणि ठरलेली वेळ मिळाली तरच उपकरण निर्जंतुक होते. गाठोड्यावर चिकटवलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की काम झाले असे मानले जाते. वस्तुतः त्या रेघा एवढेच सांगतात की गाठोडे तापले. जंतू मेले की नाही हे पाहण्यासाठी उष्णतेला दाद न देणारे जिवंत बीजाणू आत ठेवून नंतर ते वाढतात का हे तपासावे लागते. ही चाचणी ठरल्या दिवशी झाली पाहिजे आणि ती फसली तर त्या खेपेची सर्व उपकरणे परत बोलावली पाहिजेत. ‘परत बोलावा’ असे सांगण्याचा अधिकार ज्या परिचारिकेला नाही, तिने चाचणी करून काय साधणार?

उलट, जे करू नये ते थांबवणे हेही तिचेच काम. शस्त्रक्रियागृहात फॉर्मॅलिनचा धूर कोंडला म्हणजे सर्व दोष गेले, ही आपल्याकडील जुनी समजूत. नव्या मार्गदर्शक तत्त्वांत या नित्याच्या धुरीला स्थान उरलेले नाही. हे रसायन कर्करोगकारक आहे आणि त्यापेक्षा पृष्ठभाग पुसून घेणे व हवा खेळती ठेवणे अधिक उपयोगी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी वस्तऱ्याने केस काढण्याचेही तसेच. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे उठतात आणि जंतूंना घर मिळते. म्हणून केस काढू नयेत, काढावेच लागले तर कातरयंत्राने काढावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. तरीही आदल्या संध्याकाळी वस्तरा घेऊन येणारा कक्षसेवक आम्ही अलीकडे एका रुग्णालयात पाहिला. त्याचा दोष नाही. त्याला वीस वर्षांपूर्वी जे शिकवले गेले, ते तो प्रामाणिकपणे करीत होता.

या कामाचा खरा प्रश्न अधिकाराचा आहे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने पाहिले की, वैद्यकीय विद्यार्थी ज्या कक्षात बाळंतपणे करीत तेथे सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक बाळंतिणी तापाने मरत. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच कक्षात येत होते. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि काही महिने शंभरात दहांच्याही वर जाणारे मृत्यू एक-दोनवर आले. अशा माणसाला डोक्यावर घ्यावे ना? परंतु आपल्याच हातांनी माता मरत होत्या हे मान्य करणे वरिष्ठांना जड गेले. १८४९ साली त्याची नेमणूक संपली ती वाढवली गेली नाही. १८६५ साली तो मनोरुग्णालयात मरण पावला. त्याच्यापाशी पुरावा होता, अधिकार नव्हता.

अमेरिकेत १९७० च्या दशकात या विषयाचा देशव्यापी अभ्यास हाती घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. जेथे २५० खाटांमागे एक पूर्णवेळ संसर्ग नियंत्रण परिचारिका होती, प्रशिक्षित डॉक्टर होता, संसर्गाची नियमित मोजणी होत होती आणि प्रत्येक शल्यविशारदाला त्याच्या स्वतःच्या शस्त्रक्रियांतील संसर्गाचे प्रमाण कळवले जात होते, तेथे संसर्ग सुमारे ३२ टक्क्यांनी घटले. जेथे असे काही नव्हते तेथे ते वाढत गेले. आज जागतिक आरोग्य संघटना २५० खाटांमागे एक हे किमान प्रमाण मानते आणि १०० खाटांमागे एक असावी असे सुचवते. त्याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या शंभर रुग्णांपैकी ७ जणांना तेथेच एखादा संसर्ग जडतो. आपल्यासारख्या मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना. आणि ज्यांना जडतो त्यांच्यापैकी सरासरी दहात एक दगावतो.

आता हे सर्व देवपुरात आणून पाहू. पांझरेच्या उत्तर काठावरील धुळ्याचे हे उपनगर. वाडीभोकर रस्त्याने गेले तर लहानमोठी खासगी रुग्णालये दिसतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला १९८९ साली सुरू झालेले श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय, ज्याला लोक अजूनही ‘सिव्हिल’च म्हणतात. साक्री, शिरपूर, शिंदखेड्यापासून नंदुरबारच्या डोंगराळ भागापर्यंतचे रुग्ण धुळ्यात येतात. यांपैकी कोणत्या रुग्णालयात संसर्गाचे प्रमाण किती, हे रुग्णाला कळण्याचा मार्ग आहे काय? नाही.

याचे एक कारण आमच्या परिचयातील देवपुरातीलच एका घरात आम्ही पाहिले. सुनेचे सिझर झाले, पाचव्या दिवशी घरी पाठवले. नवव्या दिवशी टाके पिकले. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे पुन्हा जायला कुटुंब धजावले नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे महिनाभर ड्रेसिंग चालले. नवऱ्याची मजुरी बुडाली, बाळाचे दूध तुटले, महागडी प्रतिजैविके लागली. पहिल्या रुग्णालयाच्या वहीत मात्र ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हणूनच राहिली. शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग हा ३० दिवसांपर्यंत त्या शस्त्रक्रियेचाच मानायचा असतो. म्हणून संसर्ग नियंत्रण परिचारिकेने घरी गेलेल्या रुग्णाला दूरध्वनी करून विचारायचे असते. एका दूरध्वनीचे काम. ते कोणी केले नाही, म्हणून त्या रुग्णालयाचे प्रमाण शून्य. आमच्याकडे संसर्ग होत नाही असे सांगणाऱ्या रुग्णालयांपैकी कितींना तो खरोखर होत नाही आणि कितींनी तो मोजलेला नाही, हे कोण सांगणार?

कागदावर पाहता व्यवस्था आहे. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे देशात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडण्याच्या सुमारासच, केंद्र सरकारने आरोग्यसंस्थांतील संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रण समिती असावी लागते. २०१५ पासून ‘कायाकल्प’ पुरस्कारासाठी सरकारी रुग्णालयांची तपासणी होते आणि त्यात संसर्ग नियंत्रणाला स्वतंत्र गुण असतात. परंतु प्रत्यक्षात सर्रास दिसते ते असे : एका अधिपरिचारिकेला बोलावून सांगितले जाते की, तुमच्या नेहमीच्या कामाबरोबर हेही सांभाळा. ‘अतिरिक्त कार्यभार’ हा त्याला सरकारी शब्द. कक्षात परिचारिका कमी पडल्या की तिला परत कक्षात उभे केले जाते. तपासणी जवळ आली की रात्री बसून मागच्या तीन महिन्यांचे तक्ते भरले जातात, भिंतींना चुना लागतो, हात धुण्याच्या पायऱ्यांची चित्रे चिकटवली जातात. ज्या नळावर चित्र लावले त्याला पाणी नसते, हेही आम्ही पाहिले आहे.

आणि समजा, तिने एखाद्या ज्येष्ठ शल्यविशारदाला सांगितले की, साहेब, आपण हात धुतले नाहीत? आमच्या समाजरचनेत हे वाक्य उच्चारणे किती कठीण आहे, याची कल्पना वाचकांना आहेच. डॉक्टर वर, परिचारिका खाली, ‘मावशी’ आणि ‘मामा’ तिच्याही खाली, आणि सफाई कामगार सर्वांच्या खाली. जंतू या उतरंडीला जुमानत नाहीत. ते वरून खाली, खालून वर सारख्याच सहजतेने जातात. म्हणून या परिचारिकेचा अहवाल परिसेविका व अधिसेविका यांच्यामार्फत वर न जाता थेट अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडे गेला पाहिजे, आणि शस्त्रक्रियागृह बंद ठेवण्याची तिची शिफारस डावलायची असेल तर डावलणाऱ्याने कारण लेखी दिले पाहिजे. एवढे झाले तरच ‘समिती’ या शब्दाला अर्थ येईल.

येथे पैशाचाही विचार करू. धुळे हा राज्याच्या जीवनदायी आरोग्य योजनेचा, आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, आरंभीचा जिल्हा. २ जुलै २०१२ रोजी जे आठ जिल्हे प्रथम निवडले गेले त्यांत तो होता. या योजनेत शस्त्रक्रियेसाठी ठराविक रक्कम मिळते. रुग्ण ठरल्या दिवशी बरा होऊन गेला तर रुग्णालयाला परवडते. जखम चिघळून तो पंधरा दिवस राहिला तर परवडत नाही. हिशेबाने पाहिले तर संसर्ग टाळण्यात रुग्णालयाचाच लाभ आहे आणि परिचारिकेचे वेतन त्यातून निघून येते. पण चिघळलेला रुग्ण लवकर घरी पाठवला आणि पुढचा खर्च त्याच्या कुटुंबावर पडला, तर रुग्णालयाचे काहीच बिघडत नाही. गळती येथे आहे. योजनेत समाविष्ट प्रत्येक रुग्णालयाने ३० दिवसांतील संसर्गाचा आकडा कळवावा आणि तो आकडा जिल्ह्याच्या ठिकाणी लावला जावा, अशी मागणी धुळ्याच्या लोकप्रतिनिधींकडे करणे हे झाडू हातात देण्यापेक्षा कमी आकर्षक आहे खरे. पण त्याने सुनांचे टाके पिकायचे थांबतील.

आमच्या धर्मग्रामांना हा विषय दोन बाजूंनी भिडतो. एक, परिचर्या हा आमच्या मुलींचा परिचित व्यवसाय आहे. नाशिक धर्मप्रांतात येणाऱ्या धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतील कितीतरी घरांत, विशेषतः आदिवासी भागांत, बारावीनंतर जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग ही पहिली निवड असते. पुढे बहुतेक जणी कक्षात किंवा अतिदक्षता विभागात राहतात, काही आखाती देशांत वा इंग्लंडला जातात. संसर्ग प्रतिबंध ही त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. परिचर्येची पदवी किंवा पदविका, कक्षातील काही वर्षांचा अनुभव, त्यावर संसर्ग नियंत्रणाचे अल्पकालीन प्रशिक्षण, असा तिचा क्रम. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा आरोग्यसेवा कचरा व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएच’ या राष्ट्रीय मंडळाची मान्यता हवी असेल तर रुग्णालयाला हे पद दाखवावेच लागते. त्यामुळे पुणे, मुंबई, नाशिक येथे अशा परिचारिकांना मागणी आहे. परदेशात तर १९८० च्या दशकापासून या व्यवसायाची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा आहे. डॉक्टर किंवा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांची वाट आणखी निराळी. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज यांचे नाव येथे घ्यायला हवे; कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण भारतात आढळल्याचे २०१२ साली जगापुढे मांडणाऱ्या चमूत त्या होत्या. प्रयोगशाळेत जे दिसते ते कक्षातील वागणुकीत उतरवणे, हा या व्यवसायाचा गाभा आहे.

तरीही एखाद्या मुलीला ‘ही वाट धर’ असे सरसकट सांगताना आमची जीभ अडखळते. हे पद जोवर अतिरिक्त कार्यभार आहे, त्याला बढती नाही, स्वतंत्र वेतनश्रेणी नाही, आणि ते धारण करणारी सर्वांच्या डोळ्यांत खुपते, तोवर ती दोन वर्षांत एक तर गप्प बसायला शिकेल किंवा विमानाचे तिकीट काढील. इंग्लंडमध्ये हीच मुलगी हेच काम करील आणि तिचे ऐकले जाईल.

दुसरी बाजू आमच्या स्वतःच्या संस्थांची. डॉक्टर असलेल्या धर्मभगिनी मेरी ग्लोअरी यांच्या पुढाकाराने १९४३ साली कॅथोलिक रुग्णालयांची जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिचे जाळे आज देशभर आहे. शहरांतील मोठ्या रुग्णालयांपासून आदिवासी पाड्यांवरील एका खोलीच्या दवाखान्यापर्यंत. धर्मभगिनी चालवतात म्हणून तेथे जंतू यायचे थांबत नाहीत. सरकारला जो प्रश्न आम्ही विचारतो, तोच या संस्थांनाही विचारला पाहिजे : आपल्याकडे पूर्णवेळ संसर्ग नियंत्रण परिचारिका आहे काय, आणि मागील वर्षाचा आकडा काय?

या सर्व चर्चेत ज्याचे नाव शेवटी येते तो सफाई कामगार खरे तर आधी यायला हवा होता. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका व ३ डॉक्टरांना कोरोनाची लागण झाली तेव्हा देशभर बातमी झाली. परंतु कचऱ्याच्या पिशवीत चुकून टाकलेली सुई ज्याच्या तळहातात घुसते, त्याची बातमी होत नाही. लस न घेतलेल्या माणसाला दूषित सुई टोचली तर कावीळ ‘ब’ होण्याचा धोका शंभरात ३० पर्यंत असतो, कावीळ ‘क’चा सुमारे ३ आणि एचआयव्हीचा हजारात ३. एचआयव्हीसाठीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. कंत्राटी कामगाराला हे कोणी सांगितलेले नसते; तो हात धुतो, चिंधी बांधतो आणि कामाला लागतो, कारण सुई टोचल्याचे सांगितले तर उद्या काम राहील की नाही याची त्याला खात्री नसते. अशा प्रत्येक टोचणीची नोंद घेणे आणि त्या माणसाला औषधापर्यंत नेणे हेही संसर्ग नियंत्रण परिचारिकेचेच काम आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ‘ब’ची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, तो कंत्राटी असला तरी.

देवपुरातील आणि धुळ्यातील ज्या घरांतून कोणी रुग्णालयात सफाईच्या, कक्षसेवकाच्या वा कपडे धुण्याच्या कामाला जाते, त्यांनी एवढे पाहावे की लसीचे तीनही डोस, पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, झाले आहेत काय, आणि त्यांची तारीख लिहिलेला कागद घरात आहे काय. नसेल तर कंत्राटदाराकडे नव्हे, थेट रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे लेखी मागणी करावी.